कपाळाच्या कातडीतून घडलेले नाक

मार्च १७९१ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला आणि तो टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणावर चालून गेला. ही मोहीम जितकी तोफांची तितकीच बैलांची होती. त्या उन्हाळ्यात इतके बैल मेले की वेढ्याच्या तोफा आपल्याच हातांनी निकामी करून त्याला बंगळूरकडे माघारी फिरावे लागले. रसद तोडली की फौज मोडते, हे टिपूच्या स्वारांनाही पक्के ठाऊक होते.

पुढच्या वर्षी, १७९२ मध्ये, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. नाव पारशी वळणाचे असले तरी तत्कालीन नोंद त्याला मराठा शेतकरी म्हणते. त्याचे नाक छाटले गेले आणि एक हातही तोडला गेला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले, पण गेलेले नाक परत आणणे तिच्या सर्जनांच्या आवाक्यात नव्हते. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला.

हे काम पत्करले पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभाराने. उरलेल्या बुंध्यावर मेणाची पातळ पट्टी बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा, मग ती कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ ओढायची, ही त्याची रीत. भुलीचे औषध त्या काळी नव्हतेच. रेघेवरून पाते फिरे, कपाळाची कातडी सुटी होई. मात्र दोन डोळ्यांमधला एक चिंचोळा पट्टा तो शाबूत ठेवी. सारी करामत त्या पट्ट्यात होती. सुट्या कातडीला रक्त मिळे ते त्यातूनच. तो तुटला तर कातडी काळी पडून गळणार! सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे. ती सोडून कपाळाकडे वळण्याचे धाडस ज्या कोणा कारागिराने प्रथम केले, त्याचा तो स्वतंत्र शोधच मानला पाहिजे.

कातडी वळवून खाली आणली की बुंध्याभोवती घेतलेल्या छेदात तिची कड बसवायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना माखून त्यांचे पाच-सहा थर चढवायचे आणि चार दिवस हात लावायचा नाही. रोगी उताणा. पुढे तुपात भिजवलेले कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मात्र परीक्षेची घडी येई. आजवर ज्याने जगवले, तोच पट्टा आता कापायचा. नवे नाक स्वतःच्या बळावर जगेल?

कावसजीचे जगले.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. जानेवारी १७९४ मध्ये चित्रकार जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह सारी हकिकत छापून आली. तिच्यात रोग्याचे नाव आहे, साक्षीदार डॉक्टरांची आहेत, कुंभाराचे नाही.

या भारतीय पद्धतीने लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू झपाटला. तो शवांवर सराव करीत राहिला, व्याख्यानांत ती समजावीत राहिला, पण जिवंत रोग्यावर सुरी चालवण्याची संधी मिळेना. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर पाऱ्याच्या औषधांपायी नाक गमावलेला एक लष्करी अधिकारी पुढे आला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सीच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी पट्ट्या उलगडल्या आणि खोलीत आश्चर्याचा उद्गार उमटला. नाक तिथे होते, आणि ते जिवंत होते! १८१६ मध्ये कार्प्यूने आपल्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ही विद्या युरोपभर पसरली.

आजही कर्करोगाने खाल्लेले नाक उभारताना सर्जन कपाळाच्याच कातडीचा तुकडा (फ्लॅप) घेतात आणि त्याचा देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास शिकवणाऱ्यांनी कार्प्यूचे नाव जरूर घ्यावे. पण त्याआधी पुण्याजवळच्या त्या कुंभाराला त्याचा मान द्यावा.