छापखान्यातील हात

जगाच्या दोषांवर बोट ठेवणे हा आम्हां वृत्तपत्रकारांचा व्यवसाय. परंतु ज्या छापखान्यांतून आमचे लेख बाहेर पडतात, तेथील कामगारांची बोटे शाबूत आहेत काय, हे आम्ही क्वचितच पाहतो. लग्नसराईत पत्रिकांचे काम तुंबले की यंत्र थांबवून रूळ पुसण्यापुरतीही सवड मालक देत नाहीत. घासलेटची चिंधी चालत्या यंत्रावरच धरली जाते. दोन रूळ जेथे एकमेकांस भिडतात तेथे तिचे टोक सापडले की ती आत ओढली जाते आणि तिच्यामागून हात जातो.

सोलापूरकरांना हे नव्याने सांगावयास नको. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यापासून यंत्राचा स्वभाव या शहरास ठाऊक आहे. फिरत्या दांड्यापासून हात दूर राहावा म्हणून लांब चोचीची तेलदाणी, उडालेला धोटा डोळ्यास लागू नये म्हणून मागावर आडवी सळई, अशी साधने गिरणीधंद्यात रूढ झाली. मग छापखान्यानेच कोणाचे काय घोडे मारले आहे?

आम्ही सुचवितो ती साधने येथील कोणताही सुतार किंवा लेथवाला सहज करून देईल. ट्रेडल यंत्रात हात घालून फर्मा साफ करताना जबडा मिटू नये म्हणून आत कठीण लाकडाचा ठोकळा बसवावा. वीज तोडून बटणाच्या पेटीस कुलूप घालावे व त्याची किल्ली आखूड साखळीने त्या ठोकळ्यासच जखडावी. ठोकळा बाहेर आल्यावाचून किल्ली कुलपापर्यंत पोहोचणार नाही. ठोकळा आत विसरून यंत्र मोडेल, ही मालकांची धास्तीही त्याने मिटते. रूळ पुसण्यास, चिंधी घट्ट पकडणारा हातभर दांड्याचा चिमटा असावा. मात्र चिमटा मिळाला म्हणून चालत्या यंत्राशी झोंबणे हा शुद्ध वेडेपणा होय. यंत्र बंद करून, पुसणाऱ्यानेच चाक हाताने थोडे थोडे फिरवावे.

१८७८, १९१० व १९३१ च्या कायद्यांनी परकीय सरकारने छापखान्यातील शब्दांवर खडा पहारा ठेवला. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राचे धोक्याचे भाग झाकण्याची सक्ती केली. परंतु विजेवर चालणारा कारखाना ठरण्यास त्यात १० कामगार लागत, आणि २०२० च्या संहितेने तो आकडा २० वर नेला. गल्लीतील छापखान्यात माणसे असतात चार-पाच! तेव्हा सरकारी निरीक्षकाची वाट न पाहता मालकांनीच हे करावयास हवे. व्यापारी बंधूंनीही पत्रिका उद्याच पाहिजेत असा हट्ट धरण्यापूर्वी, तेथे रूळ कसे पुसतात, हे एकदा आत जाऊन पाहावे.