किशोरवयीन मुलाला मानसोपचार वॉर्डात दाखल करताना

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मानसोपचार विभागात ॲडमिट करायची वेळ आली, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. तिथे त्याचं काय होईल, आणि लोक काय म्हणतील? दुसऱ्या प्रश्नाच्या दडपणाखाली पहिला मागे पडतो आणि ज्याला दाखल व्हायचं असतं, त्या मुलाला कुणीच काही सांगत नाही. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये त्या पहिल्या प्रश्नाची बरीच उत्तरं आहेत. पालकांनी ती आधीच माहीत करून घ्यावीत.

दाखल कधी करतात?

बहुतेक मुलांवर ओपीडीतच उपचार होतात. जीव धोक्यात असेल, भास-भ्रमामुळे मूल स्वतःला सांभाळू शकत नसेल, अन्नपाणी सुटलं असेल, तरच दाखल करण्याचा विचार होतो. अठरा वर्षांखालील मुलाला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यांपैकी किमान एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. बाहेर राहून उपचार शक्य नाहीत, असं दोघांचंही मत पडावं लागतं.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर पोलिसांच्या धास्तीने ‘चुकून गोळ्या घेतल्या’ असं डॉक्टरांना सांगू नका. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असं कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देतो. खरी हकीकत कळली, तरच योग्य उपचार होतात.

सही पालकांची, मत मुलाचंही

अर्जावर सही पालकांची असते. मात्र मुलाची इच्छा समजून घेणं शक्य असेल, तर निर्णय घेताना ती विचारात घ्यावीच लागते. पालकांनी डिस्चार्ज मागितला, तर मुलाला सोडावं लागतं.

पहिला दिवस

सर्वांत जड जातो तो हा दिवस. सिस्टर बॅग उघडून एकेक वस्तू बाजूला काढतात: पट्टा, ओढणी, बुटाची लेस, पायजम्याची नाडी, चार्जरची वायर, काचेची बाटली. बाथरूमला बऱ्याचदा आतून कडी नसते. गोळी दिल्यावर तोंड उघडून दाखवायला सांगतात. कारण कुणी सांगितलं नसेल, तर मुलाला वाटतं की आपल्याला गुन्हेगार ठरवलंय. ‘इथे सगळ्यांसाठीच हा नियम आहे, तुझ्या जिवाची काळजी म्हणून’, एवढं एक वाक्य वेळेवर बोललं, तरी त्याचा अपमान टळतो.

वॉर्डातले दिवस

सकाळचा राउंड, तपासण्या, औषधं, समुपदेशन आणि मधला रिकामा वेळ असा दिवस जातो. मुलांना कंटाळा येतो, रागही येतो. सुरुवातीला औषधांनी झोप येते, सुस्ती वाटते. हे डॉक्टरांना सांगायला मुलाला शिकवावं, म्हणजे डोस बदलता येतो. शाळा-क्लासच्या धबडग्यातून सुटल्यामुळे काहींना हायसंही वाटतं. आपल्यासारखंच सोसणारं दुसरं मूल भेटलं, की ‘मी एकटाच असा नाही’ हे उमगतं, आणि त्याने फार मोठा धीर येतो.

कायद्याचं संरक्षण

- अल्पवयीन मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं.
- पालक किंवा सोबतीची व्यक्ती पूर्ण काळ मुलाजवळ राहिली पाहिजे. मुलीबरोबर पुरुष पालक असेल, तर सोबतीला स्त्री हवीच.
- दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला, तर मंडळ त्याचा आढावा घेतं.
- विजेच्या शॉकचा उपचार अल्पवयीनांना पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय देता येत नाही.
- साखळीने बांधणं आणि एकांतात कोंडणं यांना बंदी आहे. तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल, तरच थोडा वेळ रोखून धरता येतं. शिक्षा म्हणून कधीच नाही.

यातलं काही पाळलं जात नसेल, तर पालकांनी किंवा मुलाने मंडळाकडे दाद मागावी.

घरी आल्यावर

डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. पुढच्या भेटीची तारीख, औषधांची वेळ आणि धोक्याची लक्षणं कागदावर लिहून घ्या. औषधं कुलपात ठेवा. शाळेत काय सांगायचं, किती सांगायचं आणि कुणाला, हे मुलाला विचारून ठरवा. नातेवाइकांच्या चौकशांना उत्तर देण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. मध्येच आधार लागला, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

‘मामाकडे जाऊ’ म्हणून गाडीत बसवायचं आणि दवाखान्यात उतरवायचं, हे अजूनही अनेक घरांत घडतं. असं फसवलेलं मूल वॉर्डातून बरं होऊन परतलं, तरी आईवडिलांवर आणि डॉक्टरांवर पुन्हा भरवसा ठेवायला कचरतं. पुढच्या खेपेला त्रास सुरू झाला, तर तो लपवतं. म्हणून घरातून निघण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा. कुठे जायचंय, कशासाठी आणि सोबत कोण राहणार आहे, हे त्याला खरंखरं सांगा.