आतून लावायचं, बाहेरून वाचायचं: काचेवरच्या स्टिकरचं उलटं गणित

व्हिडिओत मी काचेवर स्टिकर चढवून दाखवलं, पण फाइल कशी बनवायची ते जरा घाईत उरकलं. खरी चूक तिथेच होते, आणि ती कळते ग्राहकाच्या काचेसमोर उभं राहिल्यावर. म्हणून आज फक्त तेवढंच बोलू.

आधी गाडीचा फास्टॅग आठवा. तो आपण काचेला आतून चिकटवतो आणि छपाई बाहेरून दिसते, कारण त्याचा गोंद छपाईच्याच बाजूला असतो. आपल्या रोजच्या व्हिनाइलचं, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट 'रेडियम' म्हणतात त्याचं, तसं नसतं. रंग पुढे, गोंद मागे. ते आतून लावलं की रस्त्यावरच्या माणसाला त्याची पाठ दिसते. म्हणून अक्षरं मिरर करून कापायची. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पाठ दिसते म्हणजे अक्षरांबरोबर थरही उलटतात, रंगही बदलू शकतो, हे विसरलं जातं.

मीही विसरले होते. पहिल्या मजल्यावरचा एक दवाखाना, लाल गोलात पांढरं नाव. अक्षरं व्यवस्थित मिरर केली, कापली, आणि सवयीप्रमाणे आधी लाल गोल लावला, त्यावर पांढरी अक्षरं. खाली रस्त्यावर येऊन वर बघते तर नुसता लाल टिळा! नाव फक्त आत बसलेल्या पेशंटना दिसत होतं, तेही उलटं. सगळं खरवडलं, काच पुन्हा धुतली, दुसऱ्या दिवशी नवीन माल घेऊन परत गेले. त्या कामात नफा राहिला नाही, आणि डॉक्टरांसमोर जे हसं झालं ते वेगळंच.

बाहेरून लावताना आपण आधी पार्श्वभूमी आणि मग वरची अक्षरं लावतो. आतून लावताना क्रम बरोबर उलटा: जे बाहेरच्याला सगळ्यात पुढे दिसायला हवं, ते काचेवर सगळ्यात आधी. म्हणजे आधी पांढरी अक्षरं, मग त्यावर लाल गोल. पण मी आता असंही करत नाही. लाल गोलातच अक्षरं मिरर कापते, ती अक्षरं सोलून काढून टाकते आणि गोल काचेला लावते. मग त्यावर तेवढाच मोठा पांढरा गोल सरळ चढवते. अक्षरांच्या पोकळीतून पांढरं दिसतं, अक्षर न् अक्षर जुळवत बसायची कटकट नाही, आणि आतूनही स्वच्छ पांढरा गोल दिसतो. कडेला बारीक हवा राहते ती रोलरने दाबून घ्यायची.

रंगाचं म्हणाल तर साध्या लाल-पिवळ्या व्हिनाइलची पाठही बहुतेक त्याच रंगाची असते, पण गोंदातून थोडी फिकी दिसते. काही मालाचा गोंद मुद्दाम करडा असतो, खालचं झाकण्यासाठी. तो इथे चालणार नाही. सोनेरी किंवा अंधारात चमकणारा रिफ्लेक्टिव्ह माल तर आतून लावूच नका, त्याच्या पाठीला ती चमक नसते. ग्राहक सोनेरीवरच अडून बसला तर सरळ सांगा, बाहेरून लावावं लागेल. नवीन रोल आला की एक छोटा तुकडा दुकानाच्या काचेला आतून चिकटवून बाहेरून बघायची सवय लावा.

देवनागरीचा एक वेगळा त्रास आहे. शिरोरेषेवर अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. कोरल ड्रॉमध्ये कर्व्ह करून तशीच प्लॉटरला दिली तर प्रत्येक सांध्यावर ब्लेड फिरतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. म्हणून आधी कर्व्ह, मग वेल्ड, आणि सगळ्यात शेवटी मिरर. मिरर एकाच ठिकाणी करायचं, कोरलमध्ये किंवा कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. तुम्ही इकडे केलं आणि पोऱ्याने तिकडेही टिक केलं, की माल सरळ कापून बाहेर येतो.

फोटो किंवा बहुरंगी लोगो असेल तर प्रिंट ट्रान्सपरंट व्हिनाइलवर, मिरर. आणि त्या रंगांच्या मागे पांढरा थर हवाच. नाहीतर दिवसा दुकानाच्या आतला अंधार रंगांतून दिसतो आणि लोगो मेल्यासारखा वाटतो. पांढरी शाई असलेलं मशीन असेल तर आधी रंग, त्यावर पांढरा. नसेल तर प्रिंटवर पांढरं व्हिनाइल चढवायचं. इको-सॉल्व्हंट प्रिंट असेल तर आधी किमान 24 तास सुकू द्या. बाहेरच्या प्रेसला काम देताना तोंडी सांगू नका, लिहून द्या: 'आतून लावायचं, बाहेरून वाचायचं. मिरर प्रिंट, रंगावर पांढरा.'

इतका खटाटोप कशाला, असं ग्राहक विचारतोच. पाऊस, धूळ, शटरचं घासणं, येताजाता नखाने खरवडणारी पोरं, यातलं काहीच आतल्या स्टिकरपर्यंत पोचत नाही. पहिल्या मजल्यावर तर शिडी आणि परांची दोन्ही वाचतात.

पण काच कोणती आहे ते ऑर्डर घेण्याआधी बघा. आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच असेल किंवा गडद फिल्म लावलेली असेल, तर आतलं स्टिकर दिवसा बाहेरून दिसणारच नाही. पाच मिनिटांची चाचणी आहे. ए-फोर कागदावर नाव मिरर छापा, सेलोटेपने आतून लावा, भर दुपारी रस्त्यावर जाऊन वाचा. फोन नंबर आकडा-आकडा वाचायचा, आठ आणि शून्य उलटे असले तरी सरळच वाटतात. आणि साध्या, टफन नसलेल्या काचेवर थेट ऊन येत असेल तर गडद रंगाचा मोठा पट्टा टाळा. तेवढाच भाग जास्त तापतो आणि काचेला तडा जाऊ शकतो. मग भरपाई कोणाकडे मागतील ते सांगायला नको.

त्या कागदाचा फोटो बाहेरून काढून ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याचं 'ओके' येईपर्यंत मी प्लॉटरमध्ये रोलच घालत नाही.