पेडलचा मोकळा इंच

वडखळहून अलिबागकडे निघालं की धरमतरचा पूल लागतो, मग पोयनाड आणि पुढे कार्ले खिंडीचा चढ. जुन्या जीपच्या क्लचची परीक्षा घ्यायला एवढा रस्ता पुरतो. वडखळच्या कोंडीत क्लच पूर्ण दाबूनही गिअर करकरला, तर क्लच नीट सुटत नाही. खिंडीत इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. दोन अगदी उलट तक्रारी. पण दोन्हींचं मूळ अनेकदा एकाच नटापाशी सापडतं.

विलिस जीप जोडण्याचं काम महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू केलं. त्या घराण्यातल्या सीजे-३बी जीपच्या क्लचला ना तेल, ना पंप. पाय आणि क्लच यांच्यात निव्वळ लोखंड: पेडल, आडवी नळी, ओढणारी केबल, फोर्क आणि टोकाला रिलीज बेअरिंग. साठच्या दशकातल्या मस्टँग, कॅमेरो या दांडग्या अमेरिकी गाड्यांतही पायाचा जोर अशाच आडव्या नळीतून पुढे जाई.

या साखळीचं काम पहारीसारखं आहे. पायाकडे लांब हालचाल आणि थोडा जोर, पलीकडे चिमूटभर हालचाल आणि प्रचंड जोर. पेडल पाच-सहा इंच खाली जातं, तेव्हा क्लच प्लेटला इंजिनच्या फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे सरते. तेवढ्याने इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटतात.

पेडलच्या सुरुवातीचा सुमारे इंचभर प्रवास मात्र मोकळा ठेवायचा असतो. तो ‘फ्री प्ले’. बेअरिंगपाशी तो दीड-दोन मिलिमीटरच उरतो, पण त्यामुळे पाय उचललेला असताना बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना, म्हणजे तिला मागे ओढणाऱ्या तरफांना, टेकत नाही. फ्री प्ले फार वाढला, तर पेडल तळाला जाऊनही क्लच सुटत नाही. शून्य झाला, तर बेअरिंग सतत घासतं, बोटं अर्धवट दाबलेली राहतात आणि क्लच घसरतो.

आता खरं नवल. वापराने वस्तू सैल होते, हा आपला रोजचा अनुभव. क्लच प्लेट झिजते तसा फ्री प्ले मात्र कमी होतो! प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या बोटांची टोकं उलट बाजूला, बेअरिंगकडे येतात. म्हणून काहीही न बिघडता फ्री प्ले जुळवणारा नट मधूनमधून सैल करावा लागतो.

दुसरं नवल त्या आडव्या नळीचं. तिचं एक टोक चासीवर, दुसरं इंजिनच्या बाजूला. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं, चासी जागची हलत नाही. म्हणून नळी दोन गोलाकार खुंट्यांवर टेकलेली असते. माउंटिंग फाटलं, तर गाडी उचलताना क्लच हिसके देतो आणि दोष मात्र प्लेटवर जातो.

खाडीची खारी हवा आणि कोकणचा पाऊस या सांध्यांचे वैरी. पिना झिजून त्यांची भोकं लांबट होतात आणि प्रत्येक सांधा पायाची थोडी हालचाल गिळतो. अशा वेळी नट कितीही आवळा, आठवडाभरात तक्रार परत. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तिथेही नटाचा इलाज नाही. प्लेटवर इंजिनचं ऑइल आलं असेल, तर घसरणं सील बदलल्याशिवाय थांबत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. चाकांना ओंडके लावा, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. पेडल पायाने नको, हाताने दाबा आणि कुठे जड लागतं ते पट्टीने मोजा. मग दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून प्रत्येक सांधा न्याहाळा. आधी झिजलेली पिन, तडकलेली नळी, गेलेली स्प्रिंग बदला. नट सर्वांत शेवटी, आणि मापाचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. प्रवासात पाय पेडलवर विसावू देऊ नका. बेअरिंगचं बरंच आयुष्य त्या सवयीतच जातं.