‘हॅव’ला मराठीत एकच शब्द नाही

‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझ्याकडे शंभर रुपये आहेत.’ ‘माझं लक्ष्मी रस्त्यावर दुकान आहे.’ ‘तिच्यात जिद्द आहे.’ ‘या वाड्याला तीन चौक आहेत.’

ही वाक्यं इंग्रजीत करायला घेतली की पाचही ठिकाणी एकच क्रियापद येतं : हॅव किंवा हॅज. मराठीत मात्र पाच वाक्यांत नात्यांचे पाच प्रकार आहेत. भावंडं असली की ‘मला’, वस्तू हाताशी असली की ‘माझ्याकडे’, मालकी सांगायची तर ‘माझं’, अंगचा गुण असेल तर ‘तिच्यात’ आणि वास्तूचा भाग असेल तर ‘वाड्याला’. ‘माझ्याकडे बहीण आहे’ असं कुणी म्हटलं तर आपण विचारतो, कधी आली, किती दिवस राहणार? हा फरक शाळेत न गेलेल्या मुलालाही कळतो. त्याला तो कुणी शिकवलेला नसतो. इंग्रजीच्या पुस्तकात मात्र त्याच मुलाला ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ एवढंच सांगितलं जातं. मग ‘मला ताप आहे’ या वाक्यापाशी ते अडतं, कारण ताप काही ‘जवळ’ नसतो.

इंग्रजी शिकतानाची ही अडचण पुण्याच्या बुधवार पेठेला नवी नाही. भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंच्या १८५४च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. पेठेतल्या अप्पा बळवंत चौकातून बाजीराव रस्त्याने पुढे गेलं की विश्रामबाग वाडा लागतो. तिथे १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे इंग्रजीही आलं आणि १८५१मध्ये पूना कॉलेज झालं. त्याचे प्रमुख मेजर टॉमस कँडी. त्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. आज त्याच अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. पाठ्यपुस्तकं, गाइडं, इंग्रजी बोलायला शिकवणारी पुस्तकं, आणि त्यांच्यात अजूनही कुठेतरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्याचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचं मराठी करत जायची ती पद्धत आता जुनाट मानतात. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, असा आग्रह आहे. मला तो पटत नाही. मूल मनातल्या मनात मराठीशी ताडून पाहतच असतं, आपण फक्त त्या ताडण्याला वाट दाखवायचं सोडून देतो. आणि ‘हॅव’ हा शब्द तर मराठी बाजूला ठेवून समजणं फार कठीण.

‘शी हॅव टू ब्रदर्स’ ही नेहमीची चूक घ्या. शिक्षक म्हणतात, ही-शी-इट असेल तर हॅज, पाठ कर. पण चूक का होते? मराठीत ‘तिला एक भाऊ आहे’ आणि ‘तिला दोन भाऊ आहेत’. इथे क्रियापद बदलतं ते भावांच्या संख्येप्रमाणे, ‘तिला’शी त्याचा संबंधच नाही. इंग्रजीत नेमकं उलटं : भाऊ एक असो की दहा, क्रियापद ‘शी’कडे पाहतं. मुलाने ‘टू ब्रदर्स’ पाहून अनेकवचनी रूप वापरलं, ते मराठीच्या नियमाने बरोबरच वागलं. हे त्याला सांगितलं तर चूक लवकर सुटते, आणि आपण ढ नाही हेही त्याला कळतं.

असं क्रियापद नसणं हे मराठीचं उणेपण नव्हे. संस्कृतातही ‘मम पुस्तकम् अस्ति’ असंच म्हणतात. हिंदी, कन्नड, रशियन, अरबी, फिनिश या भाषाही ‘अमक्यापाशी तमकं आहे’ अशाच धाटणीने बोलतात. इंग्रजी ‘हॅव’च्या मुळाशी पकडणं, धरणं हा अर्थ आहे. म्हणून ते ‘असणं’ कमी आणि ‘धरून असणं’ जास्त आहे. ‘हॅव टी’ म्हणजे ‘चहा घ्या’, हे मग सहज कळतं. याच जागी ‘हॅविंग’ चालतं : ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर, कारण जेवणं ही चाललेली क्रिया आहे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक, कारण भाऊ असणं ही क्रिया नव्हे, स्थिती आहे.

खरी कसोटी लागते ती काळांपाशी. ‘मी पत्र लिहून ठेवलं आहे’ या मराठी वाक्यात लिहिणं संपलं आणि लिहिलेलं पत्र आता हाताशी आहे, या दोन्ही गोष्टी आहेत. इंग्रजीचा ‘आय हॅव रिटन’ असाच जन्मला : आधी ‘लिहिलेलं पत्र माझ्यापाशी आहे’, मग हळूहळू ‘मी पत्र लिहिलं आहे’. त्यात आजचा धागा असतो, म्हणून त्याच्याबरोबर ‘काल’ येत नाही. ‘आय हॅव सीन हिम येस्टर्डे’ चूक, ‘आय सॉ हिम येस्टर्डे’ बरोबर.

पण आपल्याला सगळ्यात जास्त फसवतं ते ‘होतो’. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू मुंबई येस्टर्डे’ हे भाषांतर शिकलेली माणसंही करतात. मराठी ‘गेलो होतो’ सांगतं की जाऊन आलो, गोष्ट संपली. इंग्रजीला तिथे साधा ‘वेंट’ पुरतो. ‘हॅड’ येतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची दाखवायला. ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा डेक्कन क्वीन सुटली होती’ : गाडी सुटणं आधीचं, पोचणं नंतरचं, म्हणून ‘हॅड लेफ्ट’. दुसरी घटना नसेल तर असा ‘हॅड’ वापरायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका जातील. तसंच ‘मी दहा वर्षं पुण्यात राहतोय’चं. आपण म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’. हवं ते ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स’. ‘सिन्स’नंतर सुरुवातीची वेळ सांगायची, ‘फॉर’नंतर मुदत.

‘हॅव टू’मध्ये आपलं ‘मला’ पुन्हा येतं : ‘मला जावं लागतं’. बोलताना ते ‘हॅफ्टू’ असं ऐकू येतं, हे कुणी सांगत नाही आणि मुलं कान देऊनही चुकतात. त्याचा नकार तर जपूनच वापरावा. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे गेलं नाहीस तरी चालेल. ‘जाऊ नकोस’ असा त्याचा अर्थ नाही.

आणखी एक जागा. ‘मी घर बांधलं’ म्हणताना विटा आपण रचलेल्या नसतात, आणि मराठीत त्याचा खुलासा लागत नाही. इंग्रजीत ‘आय बिल्ट अ हाउस’ म्हटलं तर स्वतः राबल्याचा अर्थ निघू शकतो. दुसऱ्याकडून करवून घेतलं हे स्पष्ट करायचं तर ‘आय हॅड अ हाउस बिल्ट’. केस कापणं, कपडे शिवणं, सगळ्यांना हाच नियम.

मुलासाठी किंवा स्वतःसाठी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक घ्यायला गेलात, तर त्यातलं ‘हॅव’चं पान उघडा. ‘मला’ आणि ‘माझ्याकडे’ यांतला फरक तिथे आहे का, ‘गेलो होतो’चं काय करायचं हे सांगितलंय का, ते पाहा. नुसता हॅव-हॅज-हॅडचा तक्ता असेल तर ते पुस्तक परत ठेवा आणि दुसरं मागा.