उच्चाराचे अवयव आणि शब्दाचे घटक

‘अनफॉर्च्युनेटली’ म्हणजे ‘दुर्दैवाने’. हे क्रियाविशेषण श्रुतलेखनात आले की आपले विद्यार्थी अडखळतात. शब्द फोडावयास सांगितल्यास ते देवनागरीच्या सवयीने अ, न, फॉ, र्च्यु, ने, ट, ली असे सात तुकडे पाडतात. परंतु ही लिपीची अक्षरे झाली. इंग्रजीतील सिलॅबल, म्हणजे उच्चाराचा अवयव, एकेका स्वराभोवती बांधलेला असतो. असे अवयव येथे पाचच आहेत : अन्, फॉर्, च्यु, नट्, ली. मुख्य आघात दुसऱ्यावर पडतो. चौथ्यातील स्वर निराघात असल्यामुळे निस्तेज होतो.

शब्दाची घटना याहून निराळी आहे. ‘फॉर्च्युन’ हे नाम लॅटिन ‘फोर्तूना’पासून फ्रेंचमार्गे आले. त्याच कुळातील ‘फॉर्च्युनेट’ या विशेषणास ‘अन्’ हा उपसर्ग लागला आणि शेवटी ‘ली’ हा प्रत्यय. मुळातला ‘न’ उच्चारात मात्र पुढच्या अवयवात जाऊन बसतो. म्हणजे अवयवांच्या व घटकांच्या सीमा आरंभी आणि अंती जुळतात, मध्ये जुळत नाहीत.

आपल्या ‘दुर्दैवाने’ या शब्दातही हाच प्रकार आहे. रफार ‘दै’च्या माथ्यावर दिसतो, पण उच्चार ‘दुर्-दै-वा-ने’ असा होतो. भेद इतकाच, की आपला उपसर्ग ‘दैव’ या नामास लागला व मागाहून तृतीयेचा ‘ने’ आला. इंग्रजीत उपसर्ग विशेषणास लागला. मौजेची गोष्ट अशी, की इंग्रजी ‘अन्’ आणि ‘अनादि’मधील आपला ‘अन्’ ही एकाच प्राचीन मूळाची रूपे होत.

या विवेचनाचा वर्गात उपयोग काय? तेरा वर्णांची माळ पाठ करणारा मुलगा ‘ली’पूर्वीचा ‘ई’ हा वर्ण हमखास गाळतो, कारण तो कानास ऐकू येत नाही. विशेषण पूर्ण लिहून मग प्रत्यय जोडावयाचा, हे ज्यास उमगले तो गाळणार नाही. ‘अननेसेसरिली’त दोन ‘एन्’ का, याचेही उत्तर त्यास आपोआप सापडेल : एक उपसर्गाचा, दुसरा मूळ शब्दाचा.

म्हणून शिक्षकांनी फळ्यावर दोन ओळी मांडाव्यात. वर उच्चाराचे अवयव, खाली शब्दाचे घटक. पहिली ओळ वाचन सुधारील, दुसरी लेखन. एकीचे काम दुसरीवर सोपविले, तर विद्यार्थ्याच्या पदरी केवळ घोकंपट्टी उरते.