विजयदुर्गच्या प्लेटा आणि काळेपणाचं माप

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी गेलं की हेलियम इथेच सापडला, हे हमखास ऐकायला मिळतं. पण हेलियमच्या शोधाशी जोडल्या जाणाऱ्या ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाच्या वेळी, तो शोध ज्यांच्या नावे सांगतात ते खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होते. इथे ते आले २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. ती मोहीम मला महत्त्वाची वाटते ती फोटोच्या प्लेटांमुळे. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, तेवढ्यात प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपायचा होता. निगेटिव्हवर त्याच्या काळ्या कमानी उमटतात. कमान जितकी काळी तितका प्रकाश प्रखर, असं कुणालाही वाटेल. पण नुसत्या काळेपणावरून तसं म्हणता येत नाही.

काळेपणा मोजायचा कसा, हे हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० साली दाखवलं होतं. निगेटिव्हमधून प्रकाशाचा दहावा हिस्सा पार गेला तर घनता १, शंभरावा गेला तर २, घनता ०.३ने वाढली की पार जाणारा प्रकाश निम्मा होतो. वाढत्या एक्स्पोजरच्या लॉगॅरिदमसमोर ही घनता मांडली की आलेख पायथ्याशी लोळतो, मध्ये सरळ चढतो आणि माथ्यावर पुन्हा लवतो. मधला चढ किती उभा, यावर काँट्रास्ट ठरतो. प्लेट डेव्हलपरमध्ये जास्त वेळ राहिली की चढ उभा होतो, म्हणजे तोच प्रकाश दोन प्लेटांवर दोन तऱ्हांनी काळा दिसतो. त्यात त्या काळच्या साध्या प्लेटा निळ्या-जांभळ्याला तरतरीत आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. तांबडी कमान फिकी आली म्हणून तिथला प्रकाश मंद ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल, वर्णपटात रेषेची जागा महत्त्वाची, काळेपणा नव्हे. मूलद्रव्य ओळखण्यापुरतं हे बरोबर आहे. पण लॉकियर यांचा सगळा वाद कुठल्या रेषा विजेच्या ठिणगीच्या तापात बळावतात यावर उभा होता, आणि बळ म्हटलं की तीव्रता आलीच. दुसरा आक्षेप डार्करूमवाल्यांचा: मुरलेल्या नजरेला यंत्र कशाला? प्रिंट काढताना नजर पुरते, कारण प्रिंट नजरेसाठीच असतो. मोजमापात मात्र ती फसते. तोच करडा काळ्याशेजारी उजळ दिसतो, पांढऱ्याशेजारी मळका. म्हणून प्लेटच्या कडेला आधीच माहीत असलेल्या प्रकाशाच्या पायऱ्या उमटवायच्या, सगळं एकत्र धुवायचं आणि कमानीची घनता त्या पायऱ्यांशी ताडायची. आज घरी रोल धुणारा हौशी छायाचित्रकार हेच काम ०.१५ अंतराच्या एकवीस पायऱ्यांच्या पट्टीने करू शकतो.